ट्रॉम्बेपासून नातेपुत्यापर्यंत

मुतखड्याने वाट अडून फुगलेली किडनी वाचवायची की काढून टाकायची, हा प्रश्न राज्यातल्या शस्त्रक्रिया विभागांपुढे सतत येतो. सोनोग्राफी किडनी फुगल्याचे दाखवते. सीटी स्कॅन खडा नेमका कुठे अडकला ते दाखवतो. रक्तातले क्रिएटिनिन दोन्ही किडन्यांचे मिळून काम सांगते; त्यामुळे एक किडनी धडधाकट असली, की दुसरी निकामी होत आली तरी हा आकडा नॉर्मलच्या घरात राहू शकतो. फुगलेल्या किडनीत काम करण्याची ताकद किती उरली आहे, याचे उत्तर या तिन्हींतून मिळत नाही. ते मिळते गॅमा कॅमेऱ्यावर होणाऱ्या रेनोग्राममधून, ज्याला बोलीत ‘डीटीपीए स्कॅन’ म्हणतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च सरकार उचलते. पण कोणती शस्त्रक्रिया करायची हे ज्या तपासणीवर ठरते, तिच्यासाठी गावाकडच्या रुग्णाला बहुतेक वेळा मोठे शहर गाठावे लागते आणि पदरमोड करावी लागते. हा क्रम उलटा आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चालू स्थितीतला गॅमा कॅमेरा असावा आणि त्यावरची तपासणी, रुग्ण दाखल होण्यापूर्वीची असली तरी, योजनेतून मोफत व्हावी. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्यासारख्या गावांनी पेट स्कॅनच्याही आधी ही मागणी लावून धरायला हवी.

न्यूक्लिअर मेडिसिनचे वेगळेपण समजून घेतले, की या मागणीतला तर्क स्पष्ट होतो. एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी शरीराची रचना दाखवतात. न्यूक्लिअर मेडिसिन अवयवाचे काम दाखवते. रुग्णाला एखाद्या रेणूचे इंजेक्शन दिले जाते आणि त्या रेणूला किरणोत्सारी समस्थानिकाची अत्यल्प मात्रा जोडलेली असते. हाडांकडे जाणारा रेणू हाडांत, किडनीकडे जाणारा किडनीत गोळा होतो, आणि बाहेरचा कॅमेरा तिथून निघणारे गॅमा किरण टिपतो. रेनोग्राममध्ये रुग्ण पाठीवर निजतो, कॅमेरा त्याच्या पाठीखाली असतो. शिरेत इंजेक्शन जाताच चित्रे सुरू होतात आणि प्रत्येक किडनीची एक रेघ पडद्यावर चढू लागते. चांगल्या किडनीची रेघ काही मिनिटांत शिखर गाठते आणि उतरू लागते, म्हणजे लघवी खाली वाहते आहे. फुगलेल्या किडनीची रेघ चढून वरच रेंगाळते. मग लघवी सुटण्याचे औषध दिले जाते. त्यानंतर रेघ उतरली, तर किडनी नुसतीच सैल पडलेली आहे. नाही उतरली, तर वाटेत खरा अडथळा आहे. एकूण कामापैकी डावीचा वाटा किती आणि उजवीचा किती, हे टक्क्यांत कळते. वीस-तीस मिनिटांच्या या तपासणीवर एक अवयव राहणार की जाणार, हे ठरत असते.

याच कॅमेऱ्याची कामे अनेक आहेत. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे बोन स्कॅन डोक्यापासून पायापर्यंत एका फेरीत दाखवतो. साध्या एक्स-रेत हाड पोखरल्याची खूण दिसायला त्यातले 30 ते 50 टक्के खनिज आधी जावे लागते. हाडातली हालचाल टिपणारा स्कॅन त्याच्या कितीतरी आधी इशारा देतो. लघवीच्या मार्गात वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या लहान मुलांच्या किडनीवर व्रण पडले आहेत का, हे डीएमएसए स्कॅनमध्ये कळते. हृदयाच्या कोणत्या भागाला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते आणि कोणता भाग कायमचा मेला आहे, हे लोक ज्याला अजूनही ‘थॅलियम टेस्ट’ म्हणतात त्या तपासणीत दिसते. थायरॉइडची गाठ काम करणारी आहे की निष्क्रिय, स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या की पहारेकरी गाठ (सेंटिनल नोड) तपासून थांबायचे, याही प्रश्नांना हाच कॅमेरा उपयोगी पडतो. यांतला एकही आजार दुर्मीळ नाही. माळशिरस तालुक्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात असे रुग्ण सापडतील.

कुणी म्हणेल, जमाना पेट-सीटीचा असताना जुन्या गॅमा कॅमेऱ्याचा आग्रह कशाला? पेट स्कॅनचे मोल वादातीत आहे. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे 188 रुग्ण दोन गटांत विभागले होते. एका गटाच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, दुसऱ्याच्या तपासण्यांत पेटची भर घातली. छाती उघडूनही उपयोग झाला नाही अशा रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात 41 टक्के होते, दुसऱ्यात 21 टक्के. उपचार चालू असताना आजारावर लक्ष ठेवण्यातही पेटने असाच पालट घडवला. हॉजकिन लिम्फोमाच्या 1200 हून अधिक रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांनंतर ज्यांचा पेट स्कॅन स्वच्छ आला, त्यांचे फुप्फुसाला जाच करणारे ब्लिओमायसिन पुढच्या फेऱ्यांतून वगळले, तरी आजार आटोक्यात राहण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे चांगले निदान नुसते उपचार वाढवत नाही, नको असलेले उपचार थांबवते. अनावश्यक शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या कुटुंबाला हे थांबवणेही एखाद्या औषधाइतकेच मोलाचे आहे.

तरीही जिल्ह्याची सुरुवात गॅमा कॅमेऱ्यापासून करावी, याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. पेटसाठी सर्वाधिक वापरले जाणारे फ्लोरिन-18 सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य 110 मिनिटांचे असते. मुंबईहून सोलापूर सुमारे 400 किलोमीटर. पॅकिंग, वाहतुकीची कोंडी आणि रस्ता मिळून सात-साडेसात तास धरले, तर चार अर्धायुष्ये वाटेतच सरतात आणि निघाले त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकेच औषध हाती येते. गाडी बंद पडली की त्या दिवसाच्या सगळ्या तपासण्या रद्द. गॅमा कॅमेऱ्याला लागणाऱ्या टेक्नेशियम-99एमचे अर्धायुष्यही सहाच तासांचे असते. पण ते रस्त्याने आणावे लागत नाही. शिशाच्या जाड कवचातल्या छोट्या जनरेटरमध्ये मोलिब्डेनम-99 बसवलेले असते, त्याचे अर्धायुष्य 66 तासांचे. त्याच्या क्षयातून टेक्नेशियम तयार होत राहते, आणि रोज सकाळी जनरेटरमधून सलाइन सोडले की त्या दिवसाचे औषध मिळते. सोमवारी आलेल्या जनरेटरमध्ये पुढच्या सोमवारीही सुरुवातीच्या साधारण एक षष्ठांश ताकद शिल्लक असते. आठवड्याला एक जनरेटर, एवढ्या पुरवठ्यावर केंद्र चालते. यंत्रही पेट-सीटीपेक्षा बरेच स्वस्त असते. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या जिल्ह्याला झेपेल अशी ही व्यवस्था आहे.

आणि महाराष्ट्राला हे परकेही नाही. देशाच्या अणुवैद्यकाचा, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनचा, इतिहास बराचसा मुंबईत घडला. 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली. 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे समस्थानिक थेट रुग्णांपर्यंत पोचू लागले. 1985 मध्ये ‘ध्रुव’ अणुभट्टी सुरू झाली आणि पुढे तिच्यातून वैद्यकीय समस्थानिकांचे उत्पादन वाढले. 1989 मध्ये त्यांच्या वितरणासाठी ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा खात्याची स्वतंत्र संस्था झाली आणि तिचे मुख्यालय नवी मुंबईत आले. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळलाच बसला. किरणोत्साराचे परवाने देणारे अणुऊर्जा नियामक मंडळही मुंबईतच आहे. उत्पादक, वितरक, प्रशिक्षक आणि नियामक असे सगळे एका राज्यात असताना त्या राज्यातले रुग्ण या सोयीसाठी मुख्यतः मुंबई-पुण्याकडेच वळतात, हे विज्ञानाचे अपयश नव्हे. शेवटच्या दीडशे किलोमीटरची आखणी आपण कधी केलीच नाही.

हे अंतर नातेपुत्यातून पाहिले की नीट कळते. आळंदीहून निघालेली ज्ञानोबा माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. म्हणजे गाव जिल्ह्याच्या अगदी पश्चिम कडेला. सोलापूर आणि पुणे दोन्ही सव्वाशे ते दीडशे किलोमीटरवर. बोन स्कॅनसाठी इंजेक्शननंतर सुमारे तीन तास थांबावे लागते, भरपूर पाणी प्यावे लागते आणि मग कॅमेऱ्याखाली निजावे लागते. जाणे, थांबणे, स्कॅन आणि परतणे यात अख्खा दिवस जातो; अपॉइंटमेंट आदल्या दिवशी ठरली नसेल तर मुक्काम पडतो. हाडे दुखणाऱ्या रुग्णाबरोबर एक धडधाकट माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. तपासणीच्या बिलाइतकेच हे न लिहिलेले बिल जड असते. म्हणून अशा गावांतले रुग्ण तपासणी ‘पुढच्या महिन्यात’ ढकलतात आणि डॉक्टरही शेवटी अंदाजाने उपचार सुरू करतात. इथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. नातेपुत्याचा रोजचा राबता फलटण-बारामतीकडेही आहे. बारामतीला 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही केंद्रे जिल्ह्याच्या हद्दी पाहून नव्हे, रुग्णाची वहिवाट पाहून ठरवली, तर माळशिरसच्या पश्चिमेकडच्या गावांना सोलापूरचा हेलपाटा घालावा लागणार नाही.

पालखी महामार्ग झाला, आता पुणे काही लांब नाही, असे यावर सांगितले जाते. रस्ता रुंद झाल्याने प्रवासाचा वेळ कमी झाला, हे खरे. पण एका रुग्णाला एकदाच जायचे नसते. आजारावर लक्ष ठेवायचे म्हणजे तीच तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करायची, शक्यतो त्याच पद्धतीच्या यंत्रावर, म्हणजे जुन्या-नव्या चित्रांची तुलना होते. मुलाच्या किडनीवरचा व्रण वाढला का, ऑपरेशननंतर अडथळा सुटला का, हे पाहायला दुसरी आणि तिसरी फेरी लागते. पहिली फेरी माणूस उसनवारी करून मारतो, दुसरीला थांबतो. रस्ता रुग्णाला एकदा शहरात नेऊ शकतो, पण वर्षभराचा पाठपुरावा करायचा तर सोय जवळच हवी.

याहून गंभीर आक्षेप प्राधान्याचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी करणारा नाही, तिथे किरणोत्सारी औषधांची चैन कशाला? या आक्षेपामागची कळकळ योग्य आहे, आणि प्राथमिक केंद्राच्या पैशातून हा कॅमेरा कुणी मागूही नये. पण ग्रामीण भागाला साधेच तेवढे द्यावे, हा समज याच जिल्ह्याने खोटा ठरवला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या साथीने 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे याच संस्थांनी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा निष्कर्ष 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि जगभरातल्या धोरणांना दिशा मिळाली. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून हे काम उभे राहिले, कारण तिथे पाठपुरावा करणारी माणसे होती आणि मोठ्या संस्थेचा हात पाठीशी होता. साधे की प्रगत, हा वादच फसवा आहे. प्राथमिक केंद्राने संशयित रुग्ण ओळखायचा आणि जिल्ह्याच्या केंद्राने त्याचे निदान पक्के करायचे, ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. दुसरे टोक तुटले की पहिल्याची मेहनतही वाया जाते.

किरणोत्साराची भीती लोकांच्या मनात खोल आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. आकडे मात्र सांगायला हवेत. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराचा जागतिक सरासरी वार्षिक डोस 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. डीटीपीए रेनोग्रामचा डोस साधारण 1, बोन स्कॅनचा साधारण 4 मिलिसिव्हर्ट असतो. पोटाच्या एका सीटीचा त्याहून जास्त असू शकतो, आणि तो आपण फारसा विचार न करता काढून घेतो. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, शिवाय लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शरीरात नगण्यच उरते. गरोदर स्त्रियांबाबत काटेकोर निर्णय घ्यावा लागतो, अंगावर पाजणाऱ्या आईला काही काळ सूचना पाळाव्या लागतात, आणि केंद्रात प्रशिक्षित किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असणे परवान्याची अटच आहे. धोका आहे म्हणून सोय नको, असे म्हणण्यापेक्षा नियम पाळणारी सोय हवी, असे म्हणणे शहाणपणाचे आहे.

तज्ज्ञ कुठून आणणार, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अणुवैद्यकातले डॉक्टर मोजके आहेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायला अनेकांची तयारी नसते. यंत्र आले, उद्घाटन झाले आणि चालवायला माणूस नाही म्हणून ते धूळ खात पडले, असे सरकारी रुग्णालयांत घडू शकते. म्हणूनच यंत्राच्या खरेदीचा आदेश निघण्याआधी तंत्रज्ञ, सुरक्षा अधिकारी आणि देखभालीचा करार मंजूर झाला पाहिजे. जनरेटरचा पुरवठा करारही त्याच फाइलमध्ये असावा. अहवालाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण चित्रे मुळातच डिजिटल असतात आणि मुंबईत बसलेला तज्ज्ञ ती त्याच दुपारी वाचू शकतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभा राहिलेला नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या कर्करोग केंद्रांना जोडतो. त्याच धर्तीवर राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांचे अणुवैद्यक जाळे उभे राहू शकते. इंजेक्शन देताना आणि तपासणी चालू असताना डॉक्टर जागेवर हवाच. पण चार महाविद्यालयांमागे ज्येष्ठ तज्ज्ञांचा एक गट अहवालांची जबाबदारी घेईल, अशी विभागणी शक्य आहे.

तपासणी मोफत केली की तिचा सुकाळ होईल, कुणालाही स्कॅन लिहून दिला जाईल, ही शंका रास्त आहे. आपल्याकडे तिला आणखी एक बाजू आहे. पेटमध्ये वापरले जाणारे साखरेसारखे औषध कर्करोगात जसे चमकते, तसे क्षयरोगाच्या गाठीतही चमकते, आणि क्षयरोग आपल्या खेड्यापाड्यांत आहे. बोन स्कॅनमध्ये जुना मार, झिजलेला सांधा, जंतुसंसर्ग हेही उजळतात. चित्रावरून थेट कर्करोगाचा शिक्का मारला, तर रुग्णाला आणि घराला उगाच धक्का बसतो. त्यामुळे प्रत्येक आजारासाठी ही तपासणी कधी करायची आणि कधी करायची नाही, याचे लेखी निकष हवेत, विशेषज्ञाची शिफारस सक्तीची हवी आणि जिथे तुकडा काढून तपासणे (बायोप्सी) शक्य आहे तिथे त्याला पर्याय म्हणून स्कॅन पुढे करू नये. गैरवापराला आळा घालायचा मार्ग निकषांतून जातो. दर आणि अंतर वाढवून फक्त गरीब माणूस गळतो, अनावश्यक तपासणी गळत नाही.

पुरवठ्याचा धोकाही मोजून ठेवला पाहिजे. 2009 मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली आणि जगभर मोलिब्डेनमची चणचण भासली. भारतालाही मोलिब्डेनमसाठी आयातीवर बराच भर द्यावा लागला आहे. 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी सहभागातून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. जिल्ह्याजिल्ह्यांत कॅमेरे वाढवायचे तर देशी उत्पादनाची ही वाट लवकर पूर्ण व्हायला हवी, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी त्याचा हिशेब संसदेत मागायला हवा. ट्रॉम्बे आपल्याच राज्यात आहे म्हटल्यावर हा पाठपुरावा इतर कुणापेक्षा आपणच करायचा.

जन आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधींच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. गरीब माणसाचे ऑपरेशन पैशांवाचून अडू नये, हे तत्त्व या जिल्ह्याने राज्यात सर्वांत आधी अनुभवले. योजनेचे संरक्षण आता 5 लाख रुपयांपर्यंत गेले आहे. त्या तत्त्वाची पुढची पायरी निदानाची आहे. मागणी मोजकी आणि तपासता येईल अशी आहे: ज्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गॅमा कॅमेरा नाही तिथे तो ठरलेल्या मुदतीत, माणसे आणि जनरेटर करारासह बसवावा, विशेषज्ञाने लिहून दिलेली तपासणी रुग्ण दाखल असो वा नसो, मोफत व्हावी, रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाचे एसटीचे भाडे त्यातच मिळावे, आणि अहवाल आठवड्याच्या आत ज्या डॉक्टरने पाठवले त्याच्याच हाती पडावा. केंद्राचे यश किती यंत्रे बसली यावरून मोजू नये. नातेपुत्याच्या रुग्णाची किडनी काढायची की वाचवायची, हे ठरवताना त्याच्या सर्जनपुढे रेनोग्रामचा अहवाल होता की नाही, यावरूनच ते मोजले पाहिजे.